वस्तीच्या नावाने उचललेला भंडारा

"आबा, उठा आता. खुर्ची द्या."

ग्रामपंचायतीचं मतदान संपलं होतं. गावचं राजकारण चालवणाऱ्या तात्यांच्या खळ्यात जेवणाचा मांडव होता. मांडवाच्या तोंडाशी लाल प्लॅस्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर सकाळपासून मी. तात्यांच्या थोरल्या मुलाने, गाव त्याला भैय्या म्हणतं, खुर्चीच्या पाठीला हात घातला तेव्हा मी अजून बसलेलोच होतो.

"मंडपवाल्याच्या हायेत. परत द्यायच्यात."

मी उठलो. त्याने ती खुर्ची दुसऱ्या खुर्चीत खोचली आणि सगळी चळत टेम्पोत ठेवली. मी तिथेच उभा राहिलो. पाय आखडले होते. कुठे जायचं ते सुचत नव्हतं. मोकळं पातेलं घेऊन निघालेला एक वाढपी थांबला.

"आबा, जेवलात का?"

"न्हाई."

"मंग शाई दाखवा."

सगळे हसले. भैय्याही हसला. दिवसभर तेच चाललं होतं. मत देऊन आलेल्या माणसाने बोटाची शाई दाखवायची आणि मगच ताट घ्यायचं. शाई बघायला बसवलं होतं मला. आता माझीच पाळी आली, म्हणून चेष्टा. मी हसायला पाहिजे होतं. नाहीतर शिवी द्यायला पाहिजे होती.

मी डावा हात वर केला आणि बोट दाखवलं.

हे मागच्या निवडणुकीचं. मध्ये पाच वर्षं गेली. गावात कुणाला ते आठवत नसेल. गंमत म्हणून झालं आणि गंमत म्हणून विसरलं गेलं. माझं तसं झालं नाही. माझ्याकडून जे झालं ते मी आजवर कुणाला सरळ सांगितलं नाही. लोक म्हणतात, वस्तीला तात्यांनी दाबलं. ते खोटं आहे. दाबलं असतं तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

आमची वस्ती शेवगाव तालुक्यात, गावापासून ओढ्यापलीकडे. जमीन सगळ्यांना थोडी थोडी आहे, पण मुरमाड. बाजरी निघाली तर निघाली. दिवाळी झाली की वस्ती रिकामी होते. आम्ही ऊसतोडीला जातो. बरीच वर्षं आमची टोळी कोल्हारच्या बाजूला जाते, प्रवरेकाठी. जिल्हा एकच. तिकडे बारमाही पाणी, इकडे टँकर. मी सातवी शिकलो. पुढे टोळीत वडीलधारा झालो, म्हणून वस्ती मला आबा म्हणू लागली. कुणाचं भांडण, कुणाची सोयरीक, मी बोललो की तुटायचं किंवा जुळायचं. ते पुढे लागणार आहे म्हणून सांगितलं.

पारू माझ्या सगळ्यात धाकट्या भावाची बायको. भाऊ उसाच्या ट्रॉलीखाली गेला. दोन लेकरं मागे. मोठी मंदा, धाकटा लहान. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. भाऊ गेल्यावर पारू अर्धा कोयता झाली. ती तोडायची आणि मंदा मोळ्या बांधायची. मंदा तेव्हा सहावीत होती. म्हणजे पटावर होती.

शाळेत हंगामी वसतिगृह काढता येतं, हे पारूला कोल्हारकडे दुसऱ्या एका टोळीतल्या बाईने सांगितलं. आईबाप तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहतात. शाळेत दोन वेळचं जेवण, म्हाताऱ्या माणसांकडे झोपायला. त्यांच्या गावात होतं. पारूने ते डोक्यात घेतलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती उठून बोलली. आमची माणसं ग्रामसभेत बोलत नाहीत. बसतात, सही करतात, उठतात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला तर आम्ही गावातच नसतो.

पारू बोलली तेव्हा भैय्या खुर्चीतून न उठता म्हणाला, "मेंबर हो, मंग बोल."

लोक हसले. मी पण हसलो. पारूने ते खरंच मानलं.

त्या साली आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. निवडणूक लागली ती नेमकी हंगामात. आमच्याकडे ती बहुतेक हंगामातच लागते. टोळी कोल्हारला, आणि अर्ज भरायचा शेवगावला.

निवडणुकीला उभं कसं राहायचं, ते मला पारूमुळे कळलं. आधी मतदारयादीत नाव बघायचं. मग वॉर्डातला एक सूचक लागतो, जो म्हणेल की हिला उभी करा. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा. सेवा केंद्रात गेलं की सर्व्हर बंद. चहा पिऊन या म्हणतात. चहा पिऊन गेलं की लाईट नाही. मग त्याची छापील प्रत, तिच्यावर सह्या. बँकेत खर्चाचं वेगळं खातं. घरपट्टी भरल्याची पावती. घरात संडास आहे आणि तो वापरते, असं लिहून द्यायचं. मुलं दोनाच्या वर नाहीत, तेही लिहून द्यायचं. हे सगळं करायला पारू कोल्हारहून येत होती. एसटीने नेवाशामार्गे. एक खेप गेली की तेवढी तोड बुडायची. टोळीतल्या बायका तिच्या वाटणीच्या उसाच्या सरी तोडायच्या. कुणी बोलून दाखवलं नाही.

सूचक म्हणून सही केली मी. तिने विचारलं आणि मी केली. जबरदस्ती नव्हती. मला चांगलंही वाटलं होतं.

छाननीच्या दिवशी तात्यांच्या माणसाने हरकत घेतली. ही बाई सहा महिने गावात नसते, तेव्हा संडास वापरते हे खोटं आहे. अधिकाऱ्याने पारूकडे बघितलं.

पारू म्हणाली, "सायेब, संडास घरी हाय. ऊस तोडाया जाताना डोक्यावर घिऊन जाऊ का?"

अधिकारी हसला. अर्ज मंजूर झाला. चिन्ह मिळालं पंखा. आमच्या वस्तीत दिवसा लाईट नसते. टोळीत त्यावर किती दिवस हसणं चाललं. "पारूबाई, आदी वायर आना, मंग पंखा." तीही हसायची.

समोर तात्यांनी त्यांच्या सालगड्याची बायको उभी केली. गरीब बाई. तिला आपलं चिन्ह कोणतं तेही लोकांना विचारावं लागायचं. ती निवडून आली तरी बोलणार भैय्या, हे तिला माहीत होतं आणि गावालाही. पण आमच्या वॉर्डात अर्ध्याहून जास्त मतं वस्तीची. वस्तीने ठरवलं तर पारू येणार, हे तात्यांनाही कळत होतं.

माघारीचा दिवस गेला. पारू हटली नाही. त्यानंतर एक दिवस तात्यांनी मला बोलावलं. मी तेव्हा पारूच्याच कामासाठी गावात आलो होतो.

हे नीट सांगायला पाहिजे. यातच सगळं आहे.

तात्यांच्या पडवीसमोर लिंबाचं झाड आहे. आमच्या वस्तीचा माणूस तिथे कामाला गेला की त्या झाडाखाली बसतो. उन्हाळा असो, पावसाळा असो. माझा बाप तिथे बसला. मी तिथेच बसत आलो. आतून हाक आली की उठायचं, पायरीपाशी जायचं, बोलायचं, परत यायचं. कुणी सांगितलेलं नाही. सांगावं लागत नाही.

त्या दिवशी तात्या स्वतः पायरीपर्यंत आले. म्हणाले, "अवो आबा, तिकडं कुठं बसताय? वर या."

मी वर गेलो. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी खाली बसायला लागलो तर माझ्या दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. बशीसकट कपात चहा आला. तात्यांनी टोळीचं विचारलं. गुडघ्याचं विचारलं. माझ्या बापाची आठवण काढली, लई इमानी मानूस म्हणाले. घरातल्या बायका आतून बघत होत्या. मला अहो-जाहो करत होते. मी सत्तरीला टेकलो होतो. तोवर मला त्या घरात कुणी अहो म्हटलं नव्हतं.

मग तात्या म्हणाले, "पारू आपलीच हाय. तिच्याबद्दल कायबी न्हाई. पन आबा, वस्ती फुटली तर तुमची शोभा जाती. वस्ती तुमच्या शब्दात हाय असं गाव म्हनतं. हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "हाय."

"मंग चला, देवळात जाऊन यिऊ."

आम्ही दोघं गावातून चालत गेलो. शेजारी-शेजारी. मी मागे राहिलो की ते थांबायचे. पारावरची माणसं बघत होती. दुकानातून बघत होती. मला आजही ते चालणं आठवतं. ते आठवलं की मला माझी किळस येते, आणि खरं सांगायचं तर, तेव्हा किती छान वाटलं होतं तेही आठवतं.

खंडोबाच्या देवळात गुरवाने ताट आणून ठेवलं. बेलाची पानं आणि भंडारा. भंडारा उचलून शपथ घेतली की ती मोडत नाही, ही आमच्याकडची रीत आहे. मोडली तर उचलणाऱ्याचं घर बसतं म्हणतात. आणि वडीलधाऱ्याने सगळ्यांच्या वतीने उचलला तर तो सगळ्यांवर असतो.

मी मूठ भरली. कपाळाला लावली. म्हणालो, "वस्तीचं मत तात्यांच्या पॅनेलला."

तात्यांनी पैसे दिले नाहीत. धमकी दिली नाही. पाणी बंद करू, रस्ता अडवू, काही नाही. एक खुर्ची, एक कप चहा, आणि अवो आबा. तेवढ्यात झालं.

तिथून मी कोल्हारला गेलो. टोळी संध्याकाळी कोप्यांपुढे, पाचटाच्या झोपड्यांपुढे, बसली होती. पारू पलीकडे भाकरी थापत होती. मी हळू सांगितलं की मी भंडारा उचललाय. एक म्हातारी म्हणाली, "उचाललास व्हय?" बस्स. गडी उठून गेले. कुणी विचारलं नाही की तू आमच्या नावाने का उचललास. ते विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पारूला कुणी सांगितलं माहीत नाही. ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. तिने प्रचार थांबवला नाही. सुट्टीच्या दिवशी कोपीकोपीत जायची. पंख्याचं चित्र दाखवायची. बायका मान हलवायच्या आणि खाली बघायच्या.

मतदानाच्या दिवशी तात्यांचा टेम्पो कोल्हारला आला. आम्ही उभ्यानेच आलो. शाळेत खोली. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला मशीन. बाहेरच्या कुणालाच दिसत नाही की माणूस कोणतं बटण दाबतो. तात्यांना दिसत नाही, भैय्याला दिसत नाही. माणूस तिथे एकटा असतो. आमच्या माणसांना तेही कळत होतं. पण त्यांना वाटत होतं, देवाला दिसतं. जगात सगळीकडे लोक घाबरून मत देतात, पैसे घेऊन देतात. आमच्या वस्तीने आपल्याच बाईविरुद्ध मत दिलं ते शपथ पाळायची म्हणून. इमानाने. कुणीही बघत नसताना.

मीही आत गेलो. पंखा दिसला. तिच्या अर्जावर सूचक म्हणून माझं नाव होतं. मी पंख्याचं बटण दाबलं नाही. मशीन वाजलं.

बाहेर आलो तर भैय्याने मला मांडवात नेलं. "आबा, तुमी हितं बसा. तुमाला सगळी वळखीची." मला वाटलं मान आहे. माझं काम एवढंच की बोट बघायचं आणि हं म्हणायचं. हं म्हटलं की ताट. माझीच माणसं. माझा पुतण्या, त्याची बायको, ती म्हातारी. एकेक पुढे यायचं, बोट दाखवायचं. मी हं म्हणायचो.

दुपारी पारू आली. रांगेत उभी राहिली. माझ्यापुढे आली तेव्हा तिने पदर डोक्यावर नीट केला, मी मोठा दीर म्हणून, आणि बोट पुढे केलं.

"बगा, भाऊजी. माझी बी शाई बगा."

मी बघितली. आणि मी म्हणालो, "हं."

सवयीने. दिवसभर तेच म्हणत होतो.

ती ताट न घेता गेली. भैय्या पाठीमागून म्हणाला, "अर्दा कोयता मेंबर व्हाया निघाला हुता." मांडवात हशा झाला. आमची माणसं जेवत होती. कुणी मान वर केली नाही. मी बसून राहिलो. संध्याकाळी खुर्ची काढून घेतली. ते वर सांगितलंच आहे.

पारूला मिळालेली मतं एका हाताच्या बोटांवर मावली. ती कुणाची ते मी आजही शोधत नाही. एवढंच माहीत आहे की वस्तीत कुणीतरी शपथ मोडली होती, आणि त्यांचं घर बसलं नाही.

वसतिगृह झालं नाही. मंदाची शाळा त्याच हंगामात सुटली. पुढे दोन हंगामांनी तिचं लग्न लावलं. वय झालं नव्हतं. वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही. कोपीत तरणी पोर एकटी ठेवता येत नाही, म्हणून लावलं. मी पुढे उभा राहून अक्षता टाकल्या. आता मंदाचं बाळ उसाच्या फडात पाचटावर झोपलेलं असतं. मंदा नवऱ्याबरोबर एक कोयता आहे. पारूने मला कधी काही म्हटलं नाही. सणाला पुरणपोळी पाठवते. ते मला सहन होत नाही, पण मी खातो.

मला रडू येत नाही. पुष्कळदा वाटतं की यायला हवं. त्या दिवसापासून आत काहीतरी बधीर झालं आहे, गारठ्यात कोयत्यावर हात आखडतो तसं. बोटं आपली असतात पण उघडत नाहीत.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. पुन्हा हंगामाच्या तोंडावर. टोळी निघायच्या दिवशी ट्रॅक्टर भरून उभे होते. निघण्याआधी सगळी वस्ती खंडोबाला नारळ फोडायला जाते. त्याच सकाळी भैय्या वस्तीवर आला.

"आबा, देवळात याच. तात्या बी येनार हायेत. मागच्यासारखं उरकून घिऊ, म्हंजी तुमी बी मोकळं, आमी बी मोकळं."

तो गेल्यावर बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिने माझं तोंड ओळखलं असणार.

"अवं, कायबी करू नका. नातसून पोटुशी हाय."

"माहीत हाय."

"भंडारा हाय तो. चेष्टा न्हाई."

"माहीत हाय."

ती रडायला लागली. मुलगा बाहेर ट्रॅक्टरपाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "बाबा, तुमचं वय झालंय. तुमाला काय. आमाला ऱ्हायचंय."

त्याचं खरं होतं. माझा देवावर विश्वास आहे. तो विश्वास गेला असता तर मला हे जमायला काही किंमत पडली नसती. मी घाबरत घाबरतच गेलो.

देवळात सगळी वस्ती होती. म्हातारी, गडी, बायका, लेकरं, ज्यांना आता ट्रॉलीत बसवायचं होतं. पारू एका खांबाला टेकून उभी. तात्या सभामंडपात बसले होते. थकलेत आता. गुरवाने ताट आणलं. बेल, भंडारा.

तात्या म्हणाले, "उचला, आबा."

मी ताटापाशी गेलो. हात पुढे केला नाही. मी वस्तीकडे तोंड केलं, देवाकडे पाठ झाली, तेही माझ्या लक्षात आलं.

"म्या मागच्या टायमाला भंडारा उचालला," मी म्हणालो, "तो वस्तीच्या नावानं उचालला. वस्तीला इचारलं न्हवतं. मत तुमचं हुतं. माझं न्हवतं. जे माझं न्हाई ते म्या देवाला बी दिलं अन् तात्याला बी दिलं. ती शपथ खोटी हाय. मी ती उतरवतो. जे व्हायचं ते माझं हुईल."



भैय्या म्हणाला, "म्हातारं येडं झालंय."

तात्या हळूच म्हणाले, "आबा, देव बघून घेतो बरं का."

"बघू द्या, तात्या. माझं बघू द्या. ह्यांचं न्हाई."

ती म्हातारी, तीच, पुढे आली. तिला आता नीट दिसत नाही. माझ्या अंगरख्याला धरून विचारलं, "मंग आमच्यावं न्हाई ना रं तो?"

"न्हाई, मावशे. तुमच्यावं कंदीच न्हवता."

ती बराच वेळ तशीच धरून राहिली. मग म्हणाली, "पाच वर्सं जीव टांगनीला हुता." म्हणजे ती एका हाताच्या बोटांवर मावणाऱ्या मतांतली होती. एवढी वर्षं घर बसायची वाट बघत होती.

गाव काही पालटलं नाही. दोघं-तिघं माझ्याजवळून वाट वाकडी करून गेले, अंगावर काही उडेल अशी. मुलाने ट्रॅक्टर चालू केला आणि माझ्याशी न बोलता निघून गेला. बायकोने त्या दिवशी भाकरी केली नाही. तात्यांनी गुरवाला ताट आत न्यायला सांगितलं. एवढंच.

ट्रॉल्या निघाल्यावर मी पारूकडे गेलो. ती यंदाही उभी राहणार होती, त्या अर्जासाठी मागे थांबली होती. मी म्हणालो, सूचक म्हणून सही करतो. या वेळी खरी.

"सूचक दुसरा बघितलाय, भाऊजी."

सहीसाठी पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"माझ्या अर्जावं तुमची सही नको," ती म्हणाली. "तुमचं मत पायजे. अन् ते बी मला सांगू नका. कुनालाच सांगू नका."

"मंग मी काय करू?"

तिने पिशवीतले कागद नीट केले. एसटीची वेळ झाली होती.

"टोळीत जावा," ती म्हणाली. "तुमी जे त्यांच्या डोक्यात घातलं ते तुमीच काडा. मला जमत न्हाई ते. म्या सांगितलं तर म्हनत्यात, हिला निवडून याचंय."

तिने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. माफी मिळाली तर हे काम राहून जाईल, असं मला वाटतं.

पारू निवडून येईल का, मला माहीत नाही. आली तरी वसतिगृहाचा ठराव होईल का, माहीत नाही. झाला तरी मंदाची शाळा परत येत नाही. हे सगळं मी धरून चाललो आहे.

उद्या मी कोल्हारला जातो आहे. एकेका कोपीपुढे बसणार आहे. कुणाला मत द्या हे सांगणार नाही, पारूचंही नाव घेणार नाही. एवढंच सांगणार की तुझ्यावर शपथ नाही, बटण तुझं आहे. ऐकतील ते ऐकतील. जे हाकलतील त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी जाईन. मुलाच्या कोपीपुढेही बसेन. मतदानाच्या दिवशी टेम्पो तात्यांचा नसेल, आपला आपण करू, एवढं टोळीतल्या चार गड्यांनी फोनवर कबूल केलं आहे.

नातसुनेचे दिवस भरत आले आहेत. बायको रोज दिवा लावते आणि माझ्याकडे बघत नाही. बाळ सुखरूप झालं तर लोक म्हणतील, देवाने सोडलं. काही वाईट झालं तर म्हणतील, म्हाताऱ्याने घर बसवलं. मी दोन्ही ऐकून घेईन. भीती वाटते ती वाटतच राहील. पण काहीही झालं तरी मी परत त्या देवळात जाऊन दुसऱ्याच्या नावाने मूठ भरणार नाही, आणि कुणी भरायला लागला तर त्याचा हात तिथल्या तिथे धरीन. तो तात्याचा माणूस असो, नाहीतर माझा मुलगा.